आईची गिरण

आई गेल्याचं महावितरणला महिनाभराने कळलं. जुलैच्या बिलात युनिटं एकदम उतरली. त्यानंतर रीडिंग घ्यायला आलेला मुलगा मीटरचा फोटो काढता काढता थबकला. "काका, घर बंद होतं का? मीटर स्लो दिसतोय." मी म्हटलं, "मीटर ठीक आहे. घरातलं एक मशीन बंद झालंय." तो मान डोलावून जिना उतरून गेला. मी मात्र दारातच हिशोब करत उभा राहिलो. साडेतीनशे वॉटचं मशीन, दिवसाचे सोळा तास. रोजची साडेपाच युनिटं, महिन्याची १७०च्या आसपास. बाकीचं अख्खं घर मिळून तेवढंच खात असेल.

ते मशीन म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, घरातल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नाकाला देणारं. आमच्या घरात हे नाव कुणीच घेत नसे. आई त्याला गिरण म्हणायची. पहिल्या दिवशी ते सुरू केलं तेव्हा आधी खर्रर्र, मग फुस्स, मग धप, पुन्हा फुस्स, असा त्याचा ताल लागला. आईने पाच मिनिटं कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "आरं, ही तर गिरण हाय. वारा दळती व्हय?" तेव्हापासून "गिरण लाव," "गिरण थांबली बघ," "नळी नीट कर, दळण आडलंय" अशीच भाषा. सुनेलाही तीच सवय लागली. एकदा फोनवर कुणाला तरी ती म्हणाली, "हो, सासूबाईंची गिरण चालू आहे, जरा मोठ्याने बोला." पलीकडच्या बाईंना वाटलं, आम्ही पीठ दळायचा धंदा काढलाय.

मशीन घेतलं मे २०२१मध्ये. दुसरी लाट पुण्यात अजून ओसरली नव्हती. आईला कोविड झालेला नव्हता, तिची फुप्फुसं त्याच्या कितीतरी आधी गेली होती. पण हॉस्पिटलात खाट मिळेना आणि घरी सिलिंडर पुरेना. ओळखीच्या ओळखीतून एक मशीन मिळालं, नेहमीच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट देऊन. व्यापाऱ्यांच्या नफ्यावर सरकारने ७० टक्क्यांची मर्यादा घातली ती जूनमध्ये. तोवर आमचे पैसे देऊन झाले होते. तक्रार नाही. त्या महिन्यात कुणी भाव केला असेल असं मला वाटत नाही.

आईने जन्मात बिडीला हात लावला नाही. तरी तिच्या छातीचा फोटो पाहून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वर्षं ओढत होत्या?" चूल, हे उत्तर त्यांना सांगावं लागलं नाही, त्यांनी स्वतःच दिलं. तेव्हा पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याच विषयावर लिहिलं आहे. धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आखडणारा फुप्फुसांचा आजार, होतो आणि त्याच्या मोठ्या कारणांत घरातला धूर आहे, हे त्यांनी जगापुढे मांडलं. आईला ते वाचून दाखवलं तर म्हणाली असती, "एवढं शिकून येवढंच?" तिच्या बाबतीत धुराला धुळीचीही जोड होती. १९७२च्या दुष्काळात ती पुरंदरमधल्या आमच्या गावाजवळ दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मी तेव्हा दोन वर्षांचा. मला झाडाखाली झोळीत टाकून ती हातोडा चालवायची. त्या खाणीतून तिने एक दगड घरी आणला होता, केशरट पांढरा, मोराने पिसारा अर्धा मिटावा तसा. गारगोटी म्हणून तो फडताळात असायचा. त्याच्याकडे मी नंतर येतो.

गिरणीने घराचा नकाशाच बदलला. सात मीटरची हिरवट नळी होती. नळी पोचेल तेवढं आईचं घर. दिवाणखाना, बाथरूमचा उंबरा, स्वयंपाकघराचा अर्धा भाग. गॅसची शेगडी नळीच्या हद्दीबाहेर ठेवली होती, मुद्दाम. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण जवळची ठिणगी भडकवतो. कापूस, केस, पदर, काहीही. देव्हारा मात्र हद्दीत होता आणि त्यावरून रोज सकाळी भांडण. निरांजन लावायचं तर नळी काढून, मशीन बंद करून, पंखा लावून जरा वेळ जाऊ द्यायचा, असं ठरलं होतं. आई नळी काढायची, पण वेळ जाऊ देण्याइतका दम तिच्याकडे नसायचा. बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या ऑक्सिमीटरवर आकडा ८४पर्यंत उतरायचा आणि आरती दुसऱ्या कडव्यालाच संपायची. शेवटच्या वर्षी तिने विजेचा दिवा मान्य केला. "देवाला बी आता चार्जिंग," म्हणाली.

जून २०२३मध्ये ती गेली. मशीनच्या दर्शनी बाजूला, फ्लोमीटरखाली, म्हणजे मिनिटाला किती लिटर वारा येतो ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीखाली, तासांचा एक छोटा काउंटर होता, जुन्या रिक्षाच्या मीटरसारखा. गिरण शेवटची बंद केली तेव्हा त्यावर १२१०८ होते. हे मी त्या वेळी वाचलं नाही, पुढे वाचलं.

तेराव्याच्या आधी गुरुजींनी शय्यादानाची यादी दिली. गादी, उशी, चादर, छत्री, चपला, तांब्या-भांडं. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर लागेल ते सगळं. बारा हजार तास जिच्याशी आईचं नाक जोडलेलं होतं ती वस्तू यादीत कुठे बसते, असं मी अर्धवट गमतीने विचारलं. गुरुजी म्हणाले, "शास्त्रात नाही. पण गरजूला द्या, मोठं पुण्य." देऊ, असं सगळ्यांनीच म्हटलं. बायकोने मशीन ओल्या फडक्याने पुसलं, त्यावर आईची गोधडी घातली आणि मागच्या खोलीत भिंतीशी लोटून ठेवलं. या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. तेव्हा कुणाच्या डोक्यात ते आलं नाही.

मग दिवाळी आली, संक्रांत आली, मुलीचं लग्न झालं. पाहुण्यांनी त्या गोधडीवर बॅगा ठेवल्या. मध्ये दोनदा विषय निघाला. एकदा भाऊ म्हणाला, "राहू दे की, उद्या आपल्यालाच लागेल." दुसऱ्यांदा मीच म्हणालो, "बघू." खरं कारण निराळं होतं. गोधडीला अजून वास येत होता.

ऑगस्ट २०२४मध्ये सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. पलीकडच्या गल्लीतल्या आजोबांना तातडीने मशीन हवं आहे, कुणाकडे आहे का? मी लगेच लिहिलं, आमच्याकडे आहे, चालू स्थितीत. लिहून मग गोधडी काढली, प्लग लावला. हिरवा दिवा लागला. खर्रर्र, फुस्स, धप. फ्लोमीटरमधली गोळी उचलून दोनच्या रेघेवर तरंगली. नळी ओठांशी धरली तर हवा येत होती. माझी उभी नोकरी भोसरीच्या कारखान्यात कॉम्प्रेसरच्या शॉपफ्लोअरवर गेली. आवाज ऐकून मशीनची तब्येत सांगायची मला घमेंड आहे. मी सांगून टाकलं, मस्त चालतंय.

आजोबांच्या घरचे जरा शहाणे निघाले. म्हणाले, थेट आमच्याकडे नको, चौकातल्या मंडळाच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात आणा, तिथले काका बघून देतात. पुण्यात अशी केंद्रं बरीच आहेत. अनामत ठेवून पलंग, कमोडची खुर्ची, वॉकर, हवेची गादी न्यायची, काम झालं की परत आणायची. काही मंडळांचे गणपतीचे देखावे विसरले जातील, पण त्यांच्या वॉकरवर चाललेली माणसं गल्लोगल्ली सापडतील. तिथले काका खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, चष्म्याला दोरी. त्यांनी गोधडीतून उतरवलेल्या मशीनकडे एकदा पाहिलं आणि टेबलाच्या खणातून हवेत ऑक्सिजन किती टक्के ते मोजणारा तळहाताएवढा एक डबा काढला. ऑक्सिजन अॅनालायझर.

"साहेब, दिवा लागला म्हणजे मशीन चालतं असं नाही," ते म्हणाले. मला राग आला. काही बोललो नाही.

डब्याच्या पडद्यावर आधी २१ दिसत होते, खोलीतल्या हवेचे. काकांनी मशीनची नळी त्याला जोडली. २६. ३९. आम्ही चहा मागवला. ५५. नवं मशीन सुरू केल्यावरही पाचदहा मिनिटं द्यावीच लागतात, असं ते म्हणाले, म्हणून मी निर्धास्त होतो. ६४. ६९. चहा संपला. ७१. कप विसळून झाले. ७१. काकांनी गोळी दोनवरून पाचवर नेली तर आकडा उलटा उतरायला लागला.

"नव्याला त्र्याण्णवच्या आसपास येतो. ब्याऐंशीच्या खाली गेलं की डब्ल्यूएचओसुद्धा त्याला ऑक्सिजन मशीन म्हणत नाही," काका म्हणाले. "तुमच्यात ऑक्सिजन कमी पडला की लागणारा सेन्सरचा दिवा नाही. घाईत आणलेल्या पुष्कळ मशीनांत नसतो. त्यामुळे पेशंटला कळायचं काही साधन नाही. वारा तेवढाच लागतो नाकाला."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. असंच कुणी श्रद्धेने दिलेलं मशीन त्यांनी सुरुवातीच्या काळात न तपासता एका घरी पाठवलं होतं. तिथे बाईंचा ऑक्सिमीटर ८०च्या वर जाईना. घरच्यांनी ऑक्सिमीटर बदलला, बॅटरी बदलली, मग बाईंचं बोट चोळून गरम केलं. मशीनवर शंका घ्यायचं कुणाला सुचलं नाही, कारण ते घरघरत होतं आणि दानात आलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात हलवलं. त्यानंतर काकांनी पदरचे पैसे घालून तो डबा घेतला.

"किती दिवस बंद होतं?" त्यांनी विचारलं.

"चौदा महिने."

"दोन पावसाळे," त्यांनी दुरुस्ती केली.

आजोबांना केंद्रातलं दुसरं, तपासलेलं मशीन गेलं. मी आमचं परत घेऊन आलो. रिक्षात मांडीवर. येताना एकच गोष्ट डोक्यात होती. आईच्या शेवटच्या महिन्यात सर्व्हिसवाल्याने मोजलं होतं तेव्हा ९२ आला होता. म्हणजे तिच्या तेराव्याला ती गिरण पुढच्या कुणासाठी तशीच्या तशी तयार होती. तिला बिघडवलं ते आमच्या "राहू दे"ने.

सर्व्हिसवाल्याला फोन केला. त्याने सिव्ह, म्हणजे नायट्रोजन अडवणारे आतले दाणे, बदलायचा जो आकडा सांगितला त्यात आणखी थोडी भर घातली की आता नवं मशीन येतं. लाट ओसरल्यावर भाव पार पडले आहेत. मग एका रविवारी मी ते उघडलं. (घरी कुणी हे करू नये. आतल्या नळकांड्यांत स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि बारीक भुकटी छातीत जाते. मी मास्क लावला होता आणि बायको दारात उभी राहून शिव्या घालत होती.)

आतलं मला बहुतेक ओळखीचं होतं. तळाशी कॉम्प्रेसर, दोन पिस्टनचा, बिनतेलाचा. तेल इथे चालणारच नाही, श्वासात जाईल. त्याच्या वर पंखा, तांब्याची वेटोळी, झडपांचा ठोकळा. फुस्स-धप करणारा तो हाच. आणि मागे शेजारी शेजारी उभी दोन नळकांडी, हाताच्या कोपरापर्यंत उंचीची. खरं दळण तिथे होतं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. कॉम्प्रेसर ती हवा दाबून एका नळकांड्यात घुसवतो. आतले दाणे नायट्रोजनला धरून ठेवतात, ऑक्सिजनला पुढे जाऊ देतात. काही सेकंदांत दाणे भरले की झडप फिरते, हवा दुसऱ्या नळकांड्यात जाते आणि पहिलं आपला नायट्रोजन फुस्सकन बाहेर टाकून मोकळं होतं. एक दळतंय तोवर दुसरं झाडून घ्यायचं. हवेत जवळपास एक टक्का आर्गॉन असतो, तो ऑक्सिजनच्या बरोबरीने निसटतो, म्हणून हे मशीन कधीही शंभर देत नाही. पंचाण्णव-शहाण्णव म्हणजे डोक्यावरून पाणी.

दाणे बाहेर काढले. राजगिऱ्याहून बारीक, मळकट पांढरे. काकांनी एक युक्ती सांगितली होती. चांगले दाणे ओल्या तळहातावर घेतले तर गरम लागतात, कारण ते पाण्यावर तुटून पडतात. मी तळहात ओला केला, चिमूटभर दाणे ठेवले. वाट पाहिली. गार. त्यांचं पोट आमच्या भिंतीच्या ओलीने आधीच भरलं होतं. मशीन रोज चालतं तेव्हा आतली हवा खेळती राहते आणि दाणे झाडले जातात. ते नुसतं पडून राहिलं की गुपचूप पाणी पीत बसतात. म्हणून कंपन्या पुस्तिकेत लिहितात की वापरात नसलं तरी अधूनमधून चालवा. ही पुस्तिका आमच्याकडे होती. गोधडीच्या घडीत.

या दाण्यांना म्हणतात झिओलाइट. हा शब्द मी सर्व्हिसवाल्याच्या कोटेशनमध्ये पहिल्यांदा वाचला आणि कुठेतरी आधी पाहिल्यासारखा वाटला. दोन दिवसांनी आठवलं. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आम्ही सहकुटुंब गेलो होतो. तिथे काचेआड हुबेहूब आईच्या फडताळातल्यासारखा केशरट पांढरा दगड होता, खाली पाटी: स्टिलबाइट, झिओलाइट गट. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात लाव्हा थिजताना जे बुडबुडे राहिले त्या पोकळ्यांत ही खनिजं वाढली. पुणे, नाशिक, जळगाव, संभाजीनगरकडच्या खाणींत आणि विहिरींत सापडतात, वाघोलीच्या खाणींचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. आपण त्या सगळ्यांना सरसकट गारगोटी म्हणतो. खरी गारगोटी वेगळी, पण आईच्या दगडाला स्टिलबाइट म्हणायला माझी जीभ वळत नाही. स्वीडनच्या क्रोनस्टेट नावाच्या खनिजतज्ज्ञाने १७५६मध्ये असा एक दगड तापवला तर त्यातून पाणी उकळून बाहेर येऊ लागलं. त्याने ग्रीक शब्द जोडून नाव ठेवलं, उकळणारा दगड. नावातच सांगून ठेवलंय की हा पाणी पितो.

मशीनमधला झिओलाइट खाणीतला नसतो, कारखान्यात बनवतात. पण जात तीच. आईने म्हटलंच होतं, गिरण आहे. गिरणीत दगड असणारच. आणि जो दगड फोडताना तिच्या छातीत धूळ गेली त्याच्याच पोकळीतल्या भाऊबंदांनी तिला पुढे दोन वर्षं वारा दळून दिला. मी तिला हे सांगितलं असतं तर तिने "मग फेडलं म्हन की त्येनं" असं म्हणून कूस बदलली असती.

आता प्रश्न उरला भंगाराचा. हा शब्द तोंडातून काढायला मला आठवडा लागला. आपल्याकडे आईच्या वस्तूला दान शब्द जमतो, भंगार जमत नाही. म्हणून तर काकांच्या केंद्राच्या मागच्या खोलीत मशीनांची चळत आहे. सगळी लोकांनी हात जोडून दिलेली, निम्म्याहून जास्त नुसती वारा फुंकणारी. काका म्हणतात, "लोक दान करून मोकळे होतात, विल्हेवाट माझ्या गळ्यात." मला ते लागलं, कारण मीही पुण्याच्या नावाखाली तेच करायला निघालो होतो.

गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्याने मशीन हाताने उचलून पाहिलं आणि म्हणाला, "चारशे." वर, "बोर्डाचे वेगळे पन्नास." तो माणूस चांगला आहे, वीस वर्षं रद्दी त्यालाच देतो, त्याच्या काट्यात खोट नाही. पण माल पुढे कुठे जातो ते त्यालाही ठाऊक नसतं. कॉम्प्रेसर घणाने फुटतो, तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, बोर्डं ॲसिडात बुडतात. मुरादाबादला रामगंगेच्या काठावर असली बोर्डं जाळून उरलेली काळी राख वर्षानुवर्षं साठली आहे, हे अनेकांनी पाहून लिहिलंय. जाळणाऱ्यांत बायका असतात, उकिडव्या बसलेल्या, तोंडाला पदर लावून. मला ती बसण्याची पद्धत माहीत आहे. चुलीपुढे तशीच बसतात.

भंगारवाल्याला सांगितलं, हे देत नाही. तो म्हणाला, "पाचशे?"

ई-कचऱ्याचे जे २०२२चे नियम आहेत ते १ एप्रिल २०२३पासून लागू झाले. आधीच्या यादीत एकवीस प्रकारच्या वस्तू होत्या, या यादीत एकशे सहा आहेत आणि त्यात वैद्यकीय उपकरणंही आली. अपवाद दोन: शरीरात बसवलेली आणि संसर्ग लागलेली. माल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर तो परत गोळा होऊन नीट मोडला जाण्याची जबाबदारी टाकली आहे. कागदावर उत्तम. मी आमच्या मशीनवरच्या आयातदाराचा नंबर फिरवला तर तो आता अस्तित्वात नव्हता. २०२१च्या मेमध्ये उगवलेले पुष्कळ आयातदार जूनमध्ये मावळले असणार. मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतून एक नोंदणीकृत पुनर्वापर कंपनी काढली. त्यांचं संकलन केंद्र निघालं भोसरीतच, माझ्या जुन्या कारखान्यापासून दोन चौकांवर.

तिथल्या मुलीचा फोनवर पहिला प्रश्न: "पेशंटला टीबी वगैरे?" नाही. "पुसून आणा. नळी, मास्क, पाण्याची बाटली आमच्याकडे नको. ज्याला तोंड-नाक लागलंय ते सगळं काढा."

म्हणजे मशीन एका वाटेने आणि नळी दुसऱ्या. ह्युमिडिफायरची, म्हणजे वारा ओलसर करणाऱ्या पाण्याची, बाटली धुऊन, उन्हात वाळवून फोडली, म्हणजे कुणी पुन्हा वापरायला नको. फोमची गाळणी कागदात गुंडाळली. नळीचे कात्रीने हातहात तुकडे केले. सात मीटर कापायला वेळ लागतो. बायको म्हणाली, "मोजतोयस का?" मोजत नव्हतो. बाथरूमचा उंबरा, देव्हारा, खिडकी, असं कापत होतो. तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढला, सॅनिटरी पॅडच्या पुडीवर काढतात तसा. ही पद्धत आमच्याकडे स्वच्छ संस्थेच्या कचरावेचक ताईंनीच घालून दिली आहे. सकाळी त्यांनी पुडी हातात घेऊन विचारलं, "काय हाय?" आईची ऑक्सिजनची नळी, म्हटलं. "कापली ते बरं केलं," त्या म्हणाल्या. "लोकं सुई बी तशीच टाकत्यात." मग पुडी बाजूच्या पिशवीत ठेवता ठेवता, "आजींची गिरण गेली मग?" त्यांनाही नाव माहीत होतं.

आईच्या बाकीच्या यंत्रांचं मात्र वेळेत झालं होतं आणि त्यात आमचं काही कर्तृत्व नाही. रात्रीचा बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन, भाड्याचा होता, आठव्या दिवशीच माणूस येऊन घेऊन गेला. भाड्याची वस्तू वेळेत परत जाते, कारण मीटर चालू असतो. त्याने माझ्यादेखत आतलं मेमरी कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं. त्यात आईचं नाव, जन्मसाल आणि कोणत्या रात्री किती तास मास्क लावला याची नोंद होती. मला तोवर ठाऊकच नव्हतं की मशीन रोजनिशी लिहितं. बायपॅप-सीपॅप कुणाला देत असाल तर हे कार्ड आधी काढा. आणि मशीनचा अनुक्रमांक तपासा. जून २०२१मध्ये फिलिप्सने आपली लाखो मशीनं जगभरातून परत मागवली होती, आवाज दबावा म्हणून बसवलेला आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची भीती होती म्हणून. तसलं एखादं माळ्यावरून उतरून अजूनही कुणाच्या दानात निघू शकतं.

वीज गेली तर असावा म्हणून ठेवलेला सिलिंडर, काळं अंग आणि पांढरी मान, तोही पुरवठादाराकडे परत गेला. त्याची अनामत पावती सापडली नाही, ते पैसे बुडाले, जाऊ दे. पण सिलिंडर कधी भंगारात घालू नये. ठरलेल्या मुदतीत पाण्याच्या दाबाने तपासणी करायची, नापास झाला तर नियमाने तोडायचा, हे सगळं नागपूरच्या स्फोटक सुरक्षा संघटनेच्या नियमांत बसलेलं आहे, आणि त्याला कारणं आहेत. दोन महिन्यांपूर्वी एका शेजाऱ्याने मला रिकाम्या सिलिंडरचं कुंडीचं स्टँड करायची कल्पना सांगितली. मी त्याला चहा पाजून ती कल्पना काढून घेतली. इनहेलरच्या डब्यांचंही तेच. औषध संपलं तरी आत दाबाचा वायू उरतो. आमच्या सोसायटीत कुणीतरी असले डबे होळीत टाकले होते, पोरांना फटाक्याची मजा वाटली.

शनिवारी रिक्षात पुन्हा मांडीवर मशीन. भोसरीचा रस्ता मला डोळे मिटून येतो. संकलन केंद्र म्हणजे पत्र्याची मोठी शेड. एका बाजूला संगणकांच्या पडद्यांची भिंत, दुसऱ्या बाजूला मिक्सर, इस्त्र्या, वॉशिंग मशीनची ड्रमं. काट्यावर आमचं चौदा किलो सहाशे भरलं. मी निघण्यापूर्वी काउंटर शेवटचा पाहिला. १२११०. वरचे दोन तास आईचे नव्हते, माझ्या आणि काकांच्या तपासणीचे होते.

टेबलामागच्या मुलाने पावतीपुस्तक ओढलं, मान खाली घालूनच विचारलं, "वस्तू?"

माझ्या तोंडून निघालं, "गिरण."

"म्हणजे घरघंटी," असं पुटपुटत त्याने लिहिलंही. मग मशीनकडे पाहिलं, फ्लोमीटरची काच दिसली. "ओ काका, हे ऑक्सिजनचं आहे." मी म्हटलं, हो, ऑक्सिजनचंच. त्याने एक आडवी रेघ मारली आणि पुढे नीट अक्षरात लिहून दिलं: ऑक्सिजन मशीन, १ नग, १४.६ किलो. पावती फायलीत आहे. निळी रेघ जरा घाईत मारलेली, खालचं घरघंटी स्पष्ट वाचता येतं.